चढावर मरणारी जीप

“मिस्तरी, उतारवर पळस, सपाटीवर पळस, चढवर मरस.”

एवढं सांगून आप्पा गॅरेजच्या ओट्यावर बसले आणि टोपी काढून तिनंच त्यांनी मान पुसली. २०२५ च्या एप्रिलमधली सकाळ. दहा वाजले नव्हते, तरी जीपच्या बोनेटवर हात ठेववत नव्हता. आप्पांचं शेत कुडाशीच्या पुढे, डोंगराला टेकलेलं. वस्तीपर्यंत रस्ता आहे, तिथून वर बैलगाडीची वाट. त्या वाटेवर, चढाच्या बरोबर मध्यावर, जीप दोन गचके देई आणि बंद पडे. हळूहळू मागे उतरवून सपाटीला आणली, पाच-दहा मिनिटं थांबलं, की पुन्हा सुरू.

मी बोनेट उघडलं आणि पहिला हात कार्बोरेटरला घातला. पुढच्या महिनाभरात माझं जे चुकलं, ते या पहिल्या हातापासूनच चुकलं. म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे. जुनी पेट्रोल जीप ज्यांच्या दारात अजून उभी आहे, त्यांच्या ते उपयोगी पडेल.

पिंपळनेर पांझरेच्या काठावर आहे. साक्रीची दिशा सोडली तर गावातून कुठेही निघा, गाडीला डोंगर लागतोच. ताहराबादकडे शेलबारीचा घाट, नवापूरकडे चरणमाळचा. मधे सगळे पाडे, नागलीची आणि भाताची शेतं, आणि पावसाळ्यात ओढा होऊन वाहणाऱ्या वाटा. मी कामाला लागलो तेव्हा या वाटांवर चार चाकांचं जे काही चढायचं, ते म्हणजे जीप. जंगल खात्याची, मलेरियावाल्यांची, पंचायत समितीची. सगळ्या पेट्रोलच्या. पुढे डिझेल इंजिनं आली आणि त्यातल्या बहुतेक जीप लिलावात निघाल्या. ज्यांनी घेतल्या त्यांनीही इंजिन उतरवून डिझेल बसवलं. आप्पांच्या वडिलांनी मात्र लिलावातली जीप घेतली तशीच ठेवली, आणि त्यांच्यामागे आप्पांनीही तिचं इंजिन बदलू दिलं नाही.

जीप ‘हाय बोनेट’. अमेरिकेत विलीजनं १९५३ मध्ये काढलेलं हे सीजे-३बी मॉडेल महिंद्रनं आपल्याकडे पुढे कितीतरी वर्षं बनवलं. बोनेट उंच, कारण खालचं ‘हरिकेन’ इंजिनच उंच. चार सिलिंडर, २१९९ सीसी. हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये, अशी त्याची रचना. हळू फिरतानाही ओढणारं इंजिन आहे. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. ही गोष्ट मला पहिल्या दिवसापासून माहीत होती, पण तिचा अर्थ मला महिनाभर लागला नाही.

आप्पांच्या जीपला सोलेक्स कार्बोरेटर होता. आपल्या देशात बनलेला, आमच्या पिढीच्या हाताखालून शेकड्यांनी गेलेला. मी एअर क्लीनर काढला आणि थ्रॉटलचं स्पिंडल बोटांनी वरखाली हलवून पाहिलं. चांगलं ढिलं होतं. पितळ आणि लोखंड चाळीस-पन्नास वर्षं एकमेकांवर घासल्यावर भोक गोल राहत नाही, लांबट होतं, आणि त्या फटीतून इंजिन चोरून हवा घेतं. खात्री करायची पद्धत सोपी आहे. इंजिन स्लोवर चालू ठेवायचं आणि स्पिंडलच्या दोन्ही टोकांवर तेलाच्या कुप्पीतून थेंब-थेंब तेल सोडायचं. तेलानं फट क्षणभर बुजते. तेवढ्यात इंजिनाचा आवाज सुधारला, तर हवा तिथूनच जाते आहे. आवाज सुधारला. मी आप्पांना सांगितलं, “कार्बेटर गेला.”

तो दोष खरा होता, पण आप्पांची तक्रार त्या दोषाची नव्हती. स्पिंडलची फट सपाटीवर असते, उतारावर असते, चढावरही असते. आप्पांनी तर तिन्ही जागांची उत्तरं मला पहिल्याच वाक्यात दिली होती, आणि चढाचं उत्तर वेगळं होतं.

कार्बोरेटर कसा चालतो हे मी नव्या पोरांना घरावरच्या टाकीवरून समजावतो. टाकीत बॉलकॉक असतो. पाणी चढलं की गोळा वर उचलला जातो आणि नळ बंद होतो. तसंच कार्बोरेटरच्या वाटीत फ्लोट असतो. पेट्रोल ठरलेल्या पातळीला आलं की फ्लोट नीडल दाबून धरतो. वाटीतलं पेट्रोल जेटच्या बारीक भोकातून नळीत येतं आणि त्या नळीचं तोंड असतं हवेच्या अरुंद गळ्यात. इंजिन हवा ओढतं, गळ्यात ती जोरानं धावते, तिथला दाब उतरतो आणि पेट्रोल वर खेचलं जातं. गळा फार मोठा असला तर हळू चालणाऱ्या इंजिनाची हवा त्यात सुस्तावते, पेट्रोल उचलतच नाही. फार लहान असला तर वेगात इंजिनाचा श्वास कोंडतो.

कार्बोरेटर निवडायचा तो या गळ्यावरून. जीपचं इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेतं तेव्हा हिशेबानं ४४०० लिटरच्या आसपास हवा मागतं, आणि लो गिअरमध्ये १५०० फेऱ्यांवर दगड चढताना साडेसोळाशे. डोंगरातल्या जीपचं आयुष्य या दुसऱ्या आकड्यावर जातं. त्यामुळे मोठा कार्बोरेटर बसवला की ताकद वाढते, हा समज आमच्या भागात तरी खोटा ठरतो. मोठ्या गाडीचे दोन नळ्यांचे कार्बोरेटर बसवलेल्या जीप माझ्याकडे आल्या आहेत. रस्त्यावर छान धावत, आणि शेताच्या बांधावर चढताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आधी घोगरा आवाज, मग खोकला, मग शांतता.

हे मला ठाऊक होतं, म्हणून मी उलट टोकाला गेलो. धुळ्याहून एका छोट्या पेट्रोल कारचा जुना पण चांगल्या अवस्थेतला कार्बोरेटर आणला. सुटे भाग मिळतात, गळा लहान, चढाला बरा, असा विचार. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी कापून अ‍ॅडॉप्टर केला, खाली-वर गॅस्केट टाकलं. अंगणात जीप इतकी गोड चालली की आप्पांनी चहा मागवला.

चढावर ती आधीपेक्षा वाईट मेली. काळा धूर, पेट्रोलचा वास, प्लग ओले. कारण मीच घातलेलं होतं. अ‍ॅडॉप्टरची भोकं सोयीनं पाडली होती, आणि त्या सोयीत पेट्रोलची वाटी गाडीच्या पुढच्या बाजूला आली होती. चढावर गाडीचं नाक वर होतं, वाटी वर जाते आणि तिच्यामागे असलेलं नळीचं तोंड खाली. वाटीच्या मध्यापासून नळीपर्यंत चार सेंटीमीटर अंतर धरा आणि चढ १५ अंशांचा धरा. पातळीत एक सेंटीमीटरचा फरक पडतो. आम्ही फ्लोट सेट करतो तो एकेका मिलिमीटरनं, तिथे एक सेंटीमीटर म्हणजे नळीतून पेट्रोल आपोआप वाहायला लागतं. वाटी मागे ठेवली असती तर उलटं झालं असतं, इंजिन उपाशी राहिलं असतं. दुसऱ्या गाडीचा कार्बोरेटर जीपला बसवणाऱ्यानं सगळ्यात आधी हे पाहावं. गळा, जेट, नट-बोल्ट नंतर. वाटी कुठल्या अंगाला येते ते आधी. आडवी, म्हणजे गाडीच्या कडेला आली, तर चढ-उताराला बरी. फक्त गाडी एका बाजूला फार कलली तर त्रास देते.

मी अ‍ॅडॉप्टर नव्यानं करून वाटी कडेला आणली. धूर गेला, वास गेला. पण जीप त्याच वळणावर मेली. या खेपेला कोरडी. प्लग काढून पाहिले तर पांढरट. पेट्रोल जास्त झालं की प्लग काजळतो, बरोबर असलं की विटकरी-चॉकलेटी होतो, कमी पडलं की पांढरा. आधी ओला, आता पांढरा, आणि जागा तीच. त्या दिवशीच मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही. छोट्या कार्बोरेटरनं मोठ्या इंजिनाला चढावर पेट्रोल कमी पडत असेल, असं मनाशी ठरवलं. दुपारच्या उन्हात पाइपमध्ये पेट्रोलची वाफ होत असेल, हीही शंका होती. खान्देशात एप्रिल-मेमध्ये पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो. पाइप एक्झॉस्टच्या जवळून गेलेला असला की आतलं पेट्रोल उकळतं आणि पंप नुसती वाफ ढकलत बसतो. थोडा वेळ थांबलं की गाडी सुरू होते हे लक्षणही त्याच्याशी जुळत होतं. पंपावर ओलं फडकं गुंडाळलं, कार्बोरेटरखाली बेकलाइटची जाड पट्टी घातली. इंजिनाची धग वर चढू नये म्हणून ती पट्टी हवीच, ती आजही तिथे आहे. जीप पहाटे सहालाही मेली. म्हणजे वाफ नव्हे.

मग तिसरा कार्बोरेटर. या इंजिनाला अमेरिकेत कार्टर वायएफ यायचा, त्या नमुन्याचा कोरा करकरीत माल मागवला. पैसे आप्पांचे. पेटी उघडली तेव्हा ते बोलले नाहीत, पण कांद्याला त्या वर्षी काय भाव मिळाला होता हे मला ठाऊक होतं. कार्बोरेटर बसवला, पातळी मोजली, स्लो बसवला आणि आम्ही दोघं चढाकडे निघालो.

त्याच वळणावर, त्याच दोन गचक्यांनी जीप बंद पडली.

“आते काय करसूत, मिस्तरी?” आप्पांचा आवाज रागाचा नव्हता. मला तो रागापेक्षा जड गेला.

मी चाकांना दगड लावले आणि तिथेच सावलीला बसलो. तीन वेगवेगळे कार्बोरेटर, तीन वेगळ्या वाट्या, तीन वेगळे गळे. तिन्ही एकाच ठिकाणी मरतात, तर तिघांतलं काही सारखं नाही. सारखं जे आहे ते त्यांच्या मागे आहे. पंपाचा जोर मी पहिल्याच आठवड्यात तपासला होता. कॉइलची वायर काढायची, कार्बोरेटरकडे जाणारा पाइप सोडवून बाटलीत धरायचा आणि स्टार्टर मारायचा. बाटली ठोक्याठोक्यानं स्वच्छ भरली होती. धुळ्याच्या माझ्या उस्तादांनी शिकवलेली पद्धत, मी ती चुकवलेली नव्हती. पण बाटली भरली होती गॅरेजच्या फरशीवर. फ्लोट मोजला तो फरशीवर, तेलाचे थेंब सोडले ते फरशीवर. महिनाभर मी सगळं काही सपाटीवर तपासत होतो आणि गाडी चढावर मरत होती.

डिकीत पाण्याची काचेची बाटली होती. ती रिकामी करून फडक्यानं कोरडी केली. इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं, बॅटरीची कॉइलकडची वायर काढून बाजूला बांधली, कारण उघड्या पेट्रोलजवळ ठिणगी म्हणजे जीव. पाइप बाटलीत बुडवला आणि आप्पांना हँडल मारायला सांगितलं. जीपचं नाक चढाकडे. दोन ठोके पेट्रोल आलं. तिसऱ्या ठोक्याला बुडबुडे. मग फक्त बुडबुडे.

टाकी सीटखाली आणि पंप पुढे इंजिनावर. दोघांत साधारण चार फूट. १५ अंशांच्या चढावर पंप टाकीपासून आणखी फूटभर उंच जातो, टाकी अर्धी असली तर त्याहून जास्त. तेवढं पेट्रोल त्याला जादा खेचावं लागतं. आणि चेसिसवरचा धातूचा पाइप संपून पंपाकडे जाणारा जो रबरी पाइप असतो, त्याला वळणाच्या आतल्या बाजूला केसाएवढी चीर होती. बाहेरून ठिपकासुद्धा दिसत नव्हता. पंपाच्या पुढचा पाइप फाटला तर पेट्रोल गळतं आणि दिसतं. पंपाच्या मागचा फाटला तर पेट्रोल गळत नाही, उलट तो हवा आत ओढतो. सपाटीवर ओढ कमी म्हणून चीर मिटलेली राहायची. चढावर ओढ वाढली की उघडायची. सपाटीला आणून थांबलं की वाटी पुन्हा भरायची.

मी पाइप कापून उभा चिरला. आतलं रबर पिठासारखं सुटत होतं. याचं एक कारण वय. दुसरं, आताचं पेट्रोल. देशात पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा २०२२ मध्ये गाठला गेला आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांचा. ज्या काळात ही जीप बनली, त्या काळातलं रबर, बुचाची गॅस्केटं, पंपाचे पडदे इथेनॉलसाठी बनलेले नव्हते. ते फुगतात, मऊ होतात, सुटतात. इथेनॉल पाणीही ओढून घेतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर वाटीच्या तळाशी पांढरी पूड धरते. टाकीत वर्षानुवर्षं बसलेला चिकटा ते विरघळवतं आणि जेटपर्यंत आणून सोडतं. जुन्या गाडीच्या मालकानं पंपाचा पडदा आणि टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचं प्रत्येक रबर इथेनॉल सोसणारं घालून घ्यावं. तेवढा खर्च टाळू नये.

नवा पाइप टाकला, दोन्ही टोकांना क्लिप आवळल्या. जीप चढली. नव्या कार्बोरेटरसह चढली, आणि आप्पा म्हणाले, झालं काम. मला मात्र राहवलं नाही. कोरा कार्बोरेटर मी ज्या दुकानातून मागवला होता तिथे परत घेतला गेला, थोडे पैसे कापून. ते कापलेले पैसे मी भरले. आणि आप्पांच्या वडिलांच्या हातचा सोलेक्स टेबलावर घेतला.

आता त्याच्याकडे घाईनं पाहायचं नव्हतं. बॉडी धुळ्याला लेथवाल्याकडे नेऊन स्पिंडलची भोकं गोल करून घेतली, पितळी बुश ठोकले, नवं स्पिंडल बसवलं. फ्लोट कानाशी धरून हलवला तर आत बारीक खळखळ. म्हणजे भोक पडून पेट्रोल शिरलेलं. असा फ्लोट जड होतो, उशिरा तरंगतो आणि पातळी वर जाते. उघड्यावर, चुलीपासून लांब, पातेलीभर कडक गरम पाण्यात तो बुडवून धरला. एका सांध्यातून बुडबुड्यांची बारीक माळ निघाली. तिथे खूण केली आणि आतली सगळी वाफ निघून खळखळ थांबेपर्यंत पुन:पुन्हा बुडवला. आत पेट्रोल असताना डाग द्यायला गेलं तर फ्लोट हातात फुटतो. मग कमीत कमी कथील लावून भोक बुजवलं, कारण कथलाचा थेंबही वजन वाढवतो. पुन्हा गरम पाण्यात घालून खात्री केली.

राहिलं मेन जेट. त्यावर १२५ कोरलेलं होतं. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला जळायला वजनानं १४.७ भाग हवा लागते, वीस टक्के इथेनॉल असलेल्याला साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेत सुमारे आठ-नऊ टक्के इंधन जास्त जायला हवं. १२५ च्या जागी १३० घातलं तर भोकाचं क्षेत्रफळ आठ टक्क्यांनी वाढतं. हिशेब जवळजवळ जुळतो. मी १३० टाकलं, चढावर तीनदा गाडी नेली, प्लग काढून पाहिले. चॉकलेटी. जेट मोठं करायला त्यात तार किंवा ड्रिल घालणारे पुष्कळ आहेत. तसं करू नये. भोकाच्या कडा खरवडल्या की आकडा खोटा होतो आणि पुढच्या मिस्तरीला काहीच कळत नाही. कचरा अडकला तर सायकलच्या पंपाची हवा पुरते.

एक राहिलं होतं. या जीपचे वायपर इंजिनाच्या ओढीवर चालतात, त्यांची बारीक नळी मॅनिफोल्डवरून येते. तीही सुकून तडकली होती. बदलली. पावसाळ्यात ती पुन्हा हवा चोरणार होती आणि आप्पा पुन्हा कार्बोरेटरला दोष देणार होते. मीही दिला असता.

आता माझ्याकडे चढाची तक्रार घेऊन जुनी जीप आली की मी तिला फरशीवर घेत नाही. गॅरेजमागे ओढ्याच्या काठाला चढ आहे, तिथे नाक वर करून उभी करतो. टाकी अर्धी असू देतो, भरून घेत नाही. आधी ठिणगी आणि पॉइंट. मग टाकीचं झाकण उघडून ऐकतो, फुस्स आवाज आला तर झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं आहे आणि टाकी पेट्रोल सोडत नाही. मग टाकीकडून पुढे येत एकेक रबर, मग बाटली, तीही त्याच चढावर. कार्बोरेटरच्या स्क्रूला हात सगळ्यात शेवटी. अर्ध्याहून अधिक गाड्या तिथपर्यंत पोचायच्या आत दुरुस्त होतात.

मृगाच्या दोन दिवस आधी आप्पांचा फोन आला. मागे वाऱ्याचा आवाज होता, म्हणजे ते वरूनच बोलत होते. “चढनी!” ते म्हणाले. भाताचं बी, खताच्या चार गोण्या आणि दोन नातू घेऊन जीप लो गिअरमध्ये न थांबता वर गेली होती.

तुमच्या घरात, वखारीत, गोठ्याच्या माळ्यावर जुन्या जीपचा सोलेक्स पडलेला असेल, तर पितळ म्हणून भंगारात देऊ नका. सगळ्या जेटवरचे आकडे भिंगातून वाचून एका कागदावर लिहा आणि तो कागद कार्बोरेटरसोबत डब्यात ठेवा. तुमच्या मिस्तरीला तेवढ्यावर काम करता येतं.